एका मुठीनं बाटलेला भात

आमच्या धंद्यात एका तांदळात दुसरा तांदूळ मिसळला तर त्याला भेसळ म्हणतात. माझे वडील गुंडूराव यांनी बंगलोरला हलसूरच्या बाजारगल्लीत दुकान टाकलं तेव्हापासून आमच्याकडे शपथ आहे की सोनामसुरीच्या पोत्यातून सोनामसुरीच निघाली पाहिजे. त्यामुळे समोर राहणाऱ्या वासंतीअक्का हिवाळे यांच्या ओसरीवरचं ते निळं पिंप मी पहिल्यांदा उघडं पाहिलं तेव्हा मला कसंतरीच झालं. आत जाडा, बारीक, उकडा, रेशनचा, बासमतीचा तुकडा, सगळं एकात एक.

"अक्का, हे काय करून ठेवलंय?" मी विचारलं.

"ही आमची मंडळी," त्या म्हणाल्या आणि झाकण लावलं.

मंडळी म्हणजे त्यांच्या मराठी चर्चची माणसं. स्वतःची इमारत नाही. तमिळ लोकांची उपासना आटोपली की रविवारी दुपारी त्याच चर्चमध्ये ह्यांची सुरू व्हायची. ह्यांचे पूर्वज पलटणींच्या मागं नगरकडून इथं आले. कुणी महारवाड्यातून, कुणी मांगवाड्यातून, एखाददुसरा पाटलाच्या घरातूनही. सगळ्यांनी येशूला मानलं, पण एकमेकांच्या घरचा भात काही घशाखाली उतरेना. तेव्हाच्या एका पाळकानं म्हणे तोड काढली. प्रत्येक घरानं रोज स्वयंपाकाआधी मूठभर तांदूळ बाजूला काढायचा, महिन्याला तो एका पिंपात ओतायचा, आणि नाताळानंतरच्या रविवारी त्याच पिंपाचा भात शिजवून सगळ्यांनी एका पंगतीत जेवायचं. कुठला दाणा कुणाच्या घरचा हे देवालाही सांगता येऊ नये, हीच त्यातली मेख. त्याला प्रीतिभोजन म्हणतात. तो भात कधीही एकसारखा शिजत नाही. अर्धा गिचका होतो, अर्धा दाताखाली कचकच वाजतो. मी तांदूळवाला, मला तो अपमान वाटायचा. अक्कांना त्याचा कोण अभिमान!

हे पिंप गेली कित्येक वर्षं अक्कांकडे होतं. नवरा लष्करात हवालदार होता, तो गेला. मूलबाळ नाही. अक्का टेलिफोन खात्यात ट्रंककॉल जोडायच्या, तिथूनच निवृत्त झाल्या. आवाज असा की त्या घरात बोलल्या तरी माझ्या गल्ल्यावर ऐकू यावं. समोरच्यानं फार गुळगुळीत बोलायला सुरुवात केली की "तुमची वेळ संपली" म्हणून तोंड फिरवायची सवय त्यांना नोकरीतूनच लागली असावी. बाईंना भीड नावाची गोष्ट माहीत नव्हती. मला त्या पहिल्या दिवसापासून आवडायच्या, आणि पहिल्या दिवसापासून त्यांचा ताप व्हायचा.

एक सांगून टाकतो. आमच्या घरी त्यांच्याकडचं कोरडं चालायचं, शिजवलेलं नाही. माझ्या आईपासूनची रीत, माझ्या बायकोनं, शारदानं, ती तशीच पुढं चालवली. अक्कांना ते ठाऊक होतं. नाताळला त्या आमच्याकडे करंज्या न पाठवता नारळ पाठवायच्या आणि दारातून ओरडायच्या, "घे रे व्यंकोजी! ह्याला माणसाचा हात लागलेला नाही, फक्त माकडाचा."

भव्या त्यांच्याकडे आली ती सत्त्याण्णवच्या गणपतीत. अक्कांचं महिला मंडळ दर गुरुवारी सरकारी इस्पितळात केळी वाटायला जायचं. केळं द्यायचं, डोक्यावर हात ठेवून प्रार्थना करायची, पुढच्या खाटेकडे जायचं. कोपऱ्यातल्या एका खाटेपाशी मंडळातल्या बायका केळं लांबूनच ठेवायच्या. तिथं ही पोरगी पडलेली असायची. देवनहळ्ळीकडच्या एका खेड्यातली. नवरा लॉरी चालवायचा, तो वर्षापूर्वी एड्सनं गेला, आणि जाताना तो रोग हिला देऊन गेला. सासरच्यांनी तिलाच पांढऱ्या पायाची ठरवली. भावानं इस्पितळात आणून सोडली ती सोडलीच. ताप उतरला, घरी जा म्हणून सांगितलं, पण न्यायला कुणी येईना. तिसऱ्या गुरुवारी अक्का केळ्यांची रिकामी टोपली आणि भव्या, दोघींना रिक्षात घालून घेऊन आल्या.

ती बरी दिसायला लागल्यावर अक्कांच्या पायरीवर उन्हात बसायची. नुसतं बसून खायला तिला लाज वाटायची, म्हणून मांडीवर सूप घेऊन पिंपातला तांदूळ निवडायची. खडे काढायची, सोंडे काढायची. माझ्याकडून सामान न्यायला आली की मी कानडीत दोन शब्द बोलायचो. मोजून हसायची ती. एकदा शारदानं तिला स्टीलच्या पेल्यातून पाणी दिलं तर घेईना. म्हणे, सासरी तिचं ताट गोठ्यात ठेवायचे, भावाकडे वहिनी काठीनं पुढं ढकलायची. माणसांच्या ओळीत बसून जेवून किती दिवस झाले ते तिला आठवत नव्हतं. अक्कांनी त्याच दिवशी तिला सांगितलं, "नाताळानंतर आमची पंगत असते. त्यात तू बसशील. माझ्या शब्दाला किंमत आहे ह्या गल्लीत."

ही गोष्ट त्या एका शब्दाची आहे.

डिसेंबरच्या सुरुवातीला त्यांच्या चर्चमध्ये एड्सवर व्याख्यान झालं. मंडळीतलीच एक डॉक्टरीण, पडद्यावर चित्रं, नंतर चहा-बिस्किटं. पाळक पद्माकर, नवीन आलेले, तरुण, जरा घाबरट पण सज्जन माणूस, त्यांनी मला हे सगळं नंतर सांगितलं. डॉक्टरीणबाईंनी अगदी सोपं करून समजावलं. शिवल्यानं होत नाही, एका ताटात जेवल्यानं होत नाही, डास चावल्यानं होत नाही. सगळ्यांनी माना डोलावल्या. पुण्याहून आलेल्या कम्प्युटरवाल्या मुलांनी तर इंग्रजीत प्रश्नही विचारले. शेवटी बाईंनी विचारलं, "अशा रुग्णाबरोबर पंगतीत बसायची कुणाकुणाची तयारी आहे?" सगळे हात वर.

वासंतीअक्का उभ्या राहिल्या. "हात खाली घेऊ नका. माझ्या घरी आहे एक. तांदूळ निवडते ती मुलगी. यंदा पंगतीत येणार आहे."

हे सांगू का म्हणून त्यांनी भव्याला आधी विचारलं होतं. गावात ढोल वाजवून झालाय अक्का, इथं काय लपवायचं, असं ती म्हणाली होती.

पाळकसाहेब म्हणाले, हात लगेच नाही खाली आले. कुणाला केस सारखे करायचे होते, कुणाला चष्मा. असे एकेक करत सगळे आपापल्या कामाला लागले.

मला राग कशाचा येतो सांगू? अज्ञानाचा नाही. आमच्या गल्लीत अज्ञानी माणसं खंडीभर आहेत, मीही त्यातलाच. पण ह्या लोकांना सगळं कळलं होतं, टाळ्या वाजवून कळलं होतं. आणि त्या कळण्याचा उपयोग त्यांनी एवढाच केला की सुपातला कुठला तांदूळ कुणाच्या हातून गेलाय ह्याचा विचार करत घरी गेले.

आठवड्यानं प्रतापराव माझ्या दुकानात आले. प्रतापराव म्हणजे त्यांच्या पंचकमिटीचे सेक्रेटरी, सरकारी कचेरीतून निवृत्त, इस्त्रीचा सफारी. वाईट माणूस नव्हे. कुणाच्या घरी मयत झालं तर सगळ्यांत आधी पोचणारा आणि खुर्च्या लावणारा. त्यांनी प्रीतिभोजनासाठी सोनामसुरीची ऑर्डर दिली.

"आणि पिंपातला?" मी विचारलं.

"यंदा एकाच प्रकारचा करावा म्हणतो. भात नीट होत नाही, तुम्हीच दरवर्षी म्हणता."

मी म्हणायचो हे खरं होतं. माझं म्हणणं असं माझ्याच तोंडावर येऊन आपटेल असं वाटलं नव्हतं.

तिथून ते रस्ता ओलांडून समोर गेले. भव्या पायरीवर सूप घेऊन बसली होती. प्रतापराव तिला वळसा घालून, ओसरीच्या कडेनं, जवळजवळ गटारातून वर चढले. पुढचं सगळं मी गल्ल्यावर बसून ऐकलं. ऐकायला कान लावावा लागला नाही.

"वासंतीबाई, तुम्ही यंदा विश्रांती घ्या. आचारी ठरवलाय. तांदूळही नवा आणतोय."

"आणि ह्या पिंपाचं काय करायचं?"

"चांगला तांदूळ आहे, वाया घालवायचा नाही. एखाद्या अनाथाश्रमाला देऊन टाकू."

 मग अक्कांचा आवाज असा आला की माझ्या दुकानातलं गिऱ्हाईक वळून पाहायला लागलं.

"तुमच्या पोटाला चालत नाही ते अनाथांच्या पोटाला चालतं? त्यांची आई मेली म्हणून त्यांचं आतडं लोखंडाचं झालं का, प्रतापराव?"

"तसं नाही. लोकांच्या भावना आहेत. घरोघरी लहान मुलं आहेत. ह्या मुलीचा आम्ही तिरस्कार करत नाही. तिच्यासाठी आम्ही सगळे प्रार्थना करतो. तिचा डबा मी स्वतः घरी पोचवीन."

"डबा तिला गोठ्यातही मिळत होता."

"शिवाय ती आपली नाही. बाप्तिस्मा झालेला नाही."

"हे उपासनेतलं प्रभुभोजन नव्हे, जेवण आहे. भुकेला बाप्तिस्मा लागत नाही."

भव्या खालून म्हणाली, "बेडा अक्का." नको अक्का. तिला मराठी बोलता यायचं नाही, पण आपल्यावरून काय चाललंय ते कळण्याइतकं जगणं तिनं पाहिलं होतं. "मी घरीच राहते. डबा सरी आहे मला." सरी म्हणजे ठीक.

"तू गप्प बस," अक्का तिच्यावरच डाफरल्या. "तुला सरी आहे म्हणून मला सरी नाही." आणि प्रतापरावांना, "तुमची वेळ संपली."

प्रतापराव खाली उतरले. जाता जाता म्हणाले, "कमिटीचा निर्णय आहे, बाई. ती आली तर निम्मी पंगत उठून जाईल. प्रीतिभोजन मोडल्याचं पाप तुमच्या माथी येईल, एवढं लक्षात ठेवा." ते हे रागानं नाही, अगदी काकुळतीला येऊन बोलले. मला वाटतं अक्कांना तेच जास्त लागलं.

थोड्या वेळानं त्या माझ्याकडे आल्या. मी मान खाली घालून तराजू पुसत बसलो होतो.

"देणार आहेस ना त्याला तांदूळ?"

"धंदा आहे, अक्का."

"दे. चांगला दे. एक खडा निघता कामा नये." त्यांची नजर बाजूला काढून ठेवलेल्या पोत्यांवर गेली. "हाच का तो? मग आमचा महिन्याचाही ह्यातलाच घाल."

मी एक पोतं उघडून त्यांच्या पिशवीत तांदूळ घातला आणि ते परत शिवलं. त्यांना तोच का हवा होता ते मला तेव्हा कळलं नाही. मला उशिराच कळतात गोष्टी.

नाताळानंतरच्या रविवारी पोती मी स्वतःच हातगाडीवरून नेली. कामाला माणसं होती, पण खोटं कशाला बोलू, मला बघायचं होतं. चर्चच्या मागच्या आवारात आचाऱ्यानं चुली मांडल्या होत्या. एकीवर मटण रटरटत होतं, दुसरीवर भाताचं आधण ठेवलं होतं. धुतलेला तांदूळ मोठाल्या टोपल्यांत निथळत होता. पोरं धावत होती, बायका नव्या साड्यांत, सगळीकडे केळीची पानं. कुणाच्या चेहऱ्यावर पाप म्हणून दिसत नव्हतं. आणि भात ह्या वर्षी पहिल्यांदा मोकळा होणार होता.

रीत अशी की भात टाकण्याआधी पाळक प्रार्थना करतात आणि प्रत्येक घरातून एकजण येऊन शेवटची मूठ तांदळात घालतो. यंदा वेळ कमी म्हणून ते रद्द केलं, असं प्रतापरावांनी उपासनेतच जाहीर केलं होतं. तरी मी बघत होतो, चारदोन म्हाताऱ्या सवयीनं आपापले डबे पदराखाली घेऊन आल्या होत्या आणि ते कुठं ठेवावेत हे न कळून तशाच उभ्या होत्या.

अक्का फाटकातून आल्या त्या चालत. बरोबर भव्या. अक्कांची निळी इरकल तिच्या अंगावर दोनदा गुंडाळली असती इतकी ती वाळली होती. हातात पत्र्याचा लहान डबा.  लोक बाजूला झाले. वाट द्यायला माणसं बाजूला होतात तसं नव्हे ते, आणि ते भव्याला नेमकं कळत होतं. तिची पावलं अडखळली. अक्कांनी तिच्या दंडाला धरलं नाही की काही नाही. त्या नुसत्या चालत राहिल्या, आणि मग तीही चालली.

टोपल्यांपाशी येऊन अक्का म्हणाल्या, "पाळकसाहेब, आमच्या घरची मूठ राहिलीय."

पद्माकर पाळकांनी आपल्या बुटांकडे पाहिलं. बुटांना फारसं काही सुचलं नसावं.

"वासंतीबाई, थांबा!" प्रतापराव पुढं आले. "हे बरोबर नाही."

अक्कांनी डब्याचं झाकण काढलं आणि डबा भव्यापुढं धरला. "घरातला तांदूळ रोज ती बाजूला काढते. मूठ तिचीच आहे. मी घालणार नाही."

भव्यानं हात डब्यात घातला. मूठ भरली. हात टोपलीवर आला आणि तिथं थांबला. तिच्या मनगटाचं हाड दिसत होतं. प्रतापराव हातभर अंतरावर होते; तिचा हात धरला असता तर सगळं तिथंच थांबलं असतं. पण तो हात धरण्याइतका धीर त्यांना नव्हता, आणि हे सगळ्या आवारानं पाहिलं. भव्यानंही पाहिलं. इतक्या महिन्यांत मी तिला कुणाच्या डोळ्याला डोळा भिडवताना बघितलं नव्हतं. तिनं प्रतापरावांकडे सरळ बघितलं.

"तोगोळ्ळी सार," ती म्हणाली. घ्या साहेब. आणि मूठ उघडली.

ओल्या तांदळावर कोरडे दाणे पडले. अक्कांनी टोपलीत कोपरापर्यंत हात घालून सगळं वरखाली केलं.

"काढा आता," त्या म्हणाल्या. "तिचे कुठले आणि तुमचे कुठले, निवडून काढा, प्रतापराव. मी थांबते. सूप देऊ?"

प्रतापरावांनी इकडंतिकडं पाहिलं आणि त्यांना मी सापडलो. "व्यंकोजीराव, तुम्ही ह्यातले जाणकार. सांगा तुम्ही."

बुडत्या माणसाला मी काय सांगणार! "एकाच पोत्यातला आहे साहेब," मी म्हटलं. "माझ्या बापालाही ओळखता आला नसता."

"मग दुसरं पोतं आणा. हा तांदूळ टाकून द्या."

"दुकान बंद आहे. आज रविवार." माझं दुकान रविवारी अर्धा दिवस उघडं असतं हे त्या आवारातल्या प्रत्येकाला माहीत होतं. 

ह्या सगळ्यात आचाऱ्याचा जीव जात होता. त्याचं संध्याकाळी शिवाजीनगरात लग्नाचं काम होतं. "आधण उकळतंय साहेब, लाकडं संपली तर मी जबाबदार नाही," असं दोनदा बजावून त्यानं कुणाच्याही उत्तराची वाट न बघता टोपली उचलली आणि तांदूळ आधणात ओतला. एवढा मोठा धर्माचा प्रश्न, शेवटी एका आचाऱ्यानं सोडवला.

प्रतापराव म्हणाले होते तसंच झालं, निम्मी माणसं गेली. मुलांना दंडाला धरून, मटणाच्या वासाकडे मान वळवत गेली. कम्प्युटरवाली मुलं घाईची कामं निघून मोटारीत बसली. प्रतापराव गेले नाहीत. फाटकापाशी उभं राहून जाणाऱ्यांची समजूत घालत राहिले. काय समजूत घालत होते कोण जाणे.

उरलेल्यांच्या पंगती बसल्या. भव्याला अक्कांनी मधोमध बसवलं आणि स्वतः वाढायला लागल्या. तिच्या दोन्ही बाजूंना दोन-दोन पानं रिकामी. बसलेली माणसं चांगली होती, गेली नव्हती, पण तेवढं अंतर त्यांनी ठेवलं होतं.

अक्का हातात भाताची परात घेऊन उभ्या राहिल्या. "सरका," त्या म्हणाल्या.

कुणी हललं नाही.

"सरका म्हणतेय. भात निवतोय."

तेव्हा पद्माकर पाळक आले. अंगातला तो पांढरा झगा सावरत, पायांत अडखळत ते भव्याच्या उजव्या बाजूच्या पानावर येऊन बसले. फार मोठं शौर्य केलं असं मी म्हणणार नाही. त्यांचा पहिला घास पाण्याबरोबर उतरला. पण बसले. मग डबा घेऊन आलेल्या म्हाताऱ्यांपैकी एक गुडघे धरत डावीकडे बसली. तिच्यामागं पंगत आपोआप सरकली.

भव्या आधी पानाकडे नुसती बघत राहिली. मग जेवायला लागली. मान वर न करता, हळूहळू, भाताचं शीतही मागं न ठेवता. अक्का परत वाढायला आल्या तेव्हा तिनं हात आडवा केला नाही. पान पुढं सरकवलं.

"इन्नू स्वल्प," ती म्हणाली. अजून थोडा.

अक्का वाढताना रडत होत्या आणि मी बघितलं म्हणून माझ्यावर खेकसल्या, "तू काय उभा आहेस खांबासारखा? जेवतोस की नारळ फोडून देऊ?"

मी जेवलो. भात मोकळा झाला होता, दाणान् दाणा सुटा. घरी गेल्यावर शारदानं पान वाढायला घेतलं. मी म्हटलं, जेवून आलो. कुठं, तिनं विचारलं. समोरच्यांच्यात, मी म्हटलं. तिनं पान परत उचलून ठेवलं आणि म्हणाली, "ती पोरगी जेवली का पोटभर?" पुढच्या नाताळापासून आमच्याकडे करंज्या यायला लागल्या.

कमिटीनं अक्कांकडून पिंप परत मागितलं. अक्का म्हणाल्या, पिंप माझ्या नवऱ्याचं आहे, हवं तर आतला तांदूळ ज्याचा त्यानं ओळखून न्यावा. काही घरांनी मूठ देणं बंद केलं. अक्का तरीही दर महिन्याला त्या दारांत जाऊन उभ्या राहायच्या, रिकाम्या हातानं परत यायच्या, पुढच्या महिन्याला पुन्हा जायच्या. मी म्हटलं, "कशाला अपमान करून घेता?" म्हणाल्या, "माझा कसला? दार ते लावतात."

आमच्या बाजूचेही काही शहाणे कुजबुजले की बाई पोरीला बाटवणार. भव्यानं गावाहून आणलेला मारम्मा देवीचा फोटो अक्कांच्या खिडकीत शेवटपर्यंत होता, आणि त्यापुढची उदबत्ती माझ्याच दुकानातून जायची. मी ते त्यांना ऐकवलं, मोठ्यानं.

भव्या पुढच्या श्रावणात गेली. औषधं त्या काळी आमच्यासारख्यांच्या आवाक्यातली नव्हतीच. अक्कांच्या पलंगावर गेली, डोकं अक्कांच्या मांडीवर. देवनहळ्ळीला निरोप दिला, कुणी आलं नाही. पाळकसाहेब, मी आणि अक्का, आम्ही तिला विल्सन गार्डनच्या विद्युतदाहिनीत नेलं. अक्का परत आल्या त्या थेट पिंपापाशी बसल्या आणि सूप घेऊन तांदूळ निवडायला लागल्या. मी दुकान लवकर बंद केलं आणि घरी जाऊन खूप रडलो. का रडू नये?

पुढल्या नाताळापर्यंत वारं फिरलं होतं. एड्सवर काम करणारी मंडळी म्हणून त्यांच्या चर्चचं कुठंतरी नाव छापून आलं आणि दिल्लीहून पाहुणे येणार असं ठरलं. प्रतापरावांनी कमिटीत ठराव आणला की यंदाचं प्रीतिभोजन भव्याच्या स्मरणार्थ करावं. पिंपातला तांदूळ पुन्हा वापरायचं ठरलं, मूठ घालायची रीत पुन्हा सुरू झाली. कापडी फलक रंगवून घेतला. हे सगळं सांगायला प्रतापराव स्वतः अक्कांकडे आले, ह्या वेळी मधल्या पायरीवरून. आवाज खरोखर भरून आला होता त्यांचा.

अक्कांनी ऐकून घेतलं. एवढंच म्हणाल्या, "मी येईन."

त्या रविवारी त्या उशिरा आल्या. पंगत बसली होती. पहिल्या ओळीत प्रतापराव, शेजारी पाहुणे, मागं फलक, फोटो काढणारा तयार. मीही पानावर होतो, शारदाही. भात अर्धा गिचका, अर्धा कच्चा. अक्का फाटकातून आत आल्या तेव्हा त्यांच्या खांद्याला धरून एक माणूस चालत होता. इतका रोडावलेला की वय कळत नव्हतं. सरकारी इस्पितळाची चादर अंगाभोवती गुंडाळलेली. त्याच कोपऱ्यातल्या खाटेवरचा असणार, हे सगळ्यांना न सांगता कळलं.

प्रतापराव उठायला लागले. "या या, वासंतीबाई. आधी आपल्या भव्याबद्दल मी दोन शब्द—"

"शब्द नंतर," अक्का म्हणाल्या. त्यांनी त्या माणसाला बरोबर प्रतापरावांच्या पानाशेजारी नेऊन उभं केलं. फलकाकडे त्यांनी मान वर करून पाहिलंसुद्धा नाही. "सरका."

 प्रतापरावांनी पाहुण्यांकडे पाहिलं, फोटोवाल्याकडे पाहिलं, त्या माणसाच्या पायांकडे पाहिलं. मग सफारीची विजार गोळा करून ते सरकले. वीतभर.

अक्का तशाच उभ्या.

"इन्नू स्वल्प," त्या म्हणाल्या.